एकतीस नावांचा आवाज

क्युपर्टिनो,
१ जुलै २००२

चि. केदार,

आशीर्वाद. काल फोनवर तू चार मिनिटांत पाच वेळा ‘मजेत’ म्हणालास, म्हणून हे पत्र. फोनवर ‘मजेत’ म्हणून सुटता येतं. कागदावर तेवढा एकच शब्द लिहून पाकीट चिकटवायचं तर माणूस कोडगा लागतो, आणि तू कोडगा नाहीस. निदान वर्ध्याहून निघालास तेव्हा नव्हतास.

मला इथे येऊन अकरा आठवडे झाले. सईची मुलगी गोड आहे, जावई सत्यजित सज्जन आहे, भांडी घासायला यंत्र आहे. नाही ते एवढंच, की माझं बोलणं ऐकायला कुणी नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, विदर्भातल्या व्याख्यानमाला गाजवल्या, आणि आता दोन महिन्यांच्या नातीला अंगाईच्या चालीवर स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगते. ती झोपते. अमरावतीचे श्रोतेही झोपायचे, पण टाळ्यांच्या वेळी उठायचे.

सध्या एका शब्दाने माझं डोकं फिरवलंय. इथे घरी येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला ‘स्मार्ट’ म्हणतो. गणितात पहिला आला तो स्मार्ट, घर स्वस्तात घेतलं तो स्मार्ट, कर चुकवला तोही स्मार्ट. अरे, आपल्याकडे हुशार वेगळा, धोरणी वेगळा, कसबी वेगळा, हिकमती वेगळा. चलाख म्हटलं की ऐकणारा खिसा चाचपतो. बेरकी म्हटलं की दोन पावलं मागे सरकतो. इतके शब्द आपल्या लोकांनी हौस म्हणून नाही केले. बुद्धी आहे एवढं सांगून त्यांचं भागत नव्हतं. ती कुणाच्या कामाला लावली आहे, हेही त्याच शब्दात सांगायचं होतं. सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं की शिक्षक आणि चोर शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांचीही तक्रार नसते.

इथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात बोलायला बोलावलंय. विषय कळवून टाकला: हुशारी कुणाच्या कामाची?

आता तुझ्याकडे वळते. आपल्या दोन्ही घरांत तुझ्याइतका हुशार मुलगा झाला नाही. माझ्या वर्गात तू सातवीत असताना मी फळ्यावर चुकले, तर तू सगळ्यांसमोर न सांगता मधल्या सुट्टीत येऊन सांगितलंस. अशा मुलाला सात महिने काम का नाही? खरं लिही. मला व्याख्यानाला उदाहरणं हवी आहेत आणि त्याआधी मनाला स्वस्थता.

तुझी,
सुलभामावशी


शॉमबर्ग,
१३ जुलै २००२

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र आल्यावर आधी ते पाकीटच टेबलावर ठेवून बघत बसलो. इथे आमच्या पत्त्यावर हाताने लिहिलेलं काही येतच नाही.

खरं लिहितो. आमची कन्सल्टन्सी म्हणजे मजूर पुरवणारा मुकादम, फक्त मजूर इंजिनिअर असतात. आमचा मालक शैलेंद्र आम्हाला मोठ्या कंपन्यांकडे सहा महिने, वर्षभर कामाला पाठवतो. तिथलं काम संपलं की दुसरं मिळेपर्यंत बिनपगारी घरी बसायचं. याला ‘बेंचवर असणं’ म्हणतात. गेल्या वर्षी बाजार कोसळला आणि बेंच भरला. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण आहोत. शैलेंद्रचा नियम असा, की सकाळी नऊला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसायचं. लुंगीवर बसलं की आवाजही लुंगीतला येतो, म्हणे. त्यामुळे पाच माणसं कडक कपड्यांत सोफ्यावर बसून दिवसभर एका फोनकडे बघत असतात. फोटो काढून पाठवला असता, पण हसशील.

आमचा व्हिसा या कंपनीला बांधलेला आहे. शैलेंद्रने व्हिसावाल्यांना एक फॅक्स करून ‘हा आमच्याकडे नाही’ असं कळवलं, की दुसऱ्या दिवशीपासून आम्ही इथे राहायला नालायक. म्हणून कुणी मोठ्याने बोलत नाही. बाबांना मी सांगितलंय की एका बँकेचं काम चालू आहे. तू ते मोडू नकोस, प्लीज.

उदाहरण हवं होतं ना? घे. आमच्यात प्रथमेश म्हणून सांगलीचा मुलगा होता. कामाला वाघ, पण इंटरव्ह्यूत कुणी प्रश्न विचारला की त्याची जीभ टाळूला चिकटते. सांता क्लाराच्या एका कंपनीने जूनमध्ये त्याचा फोनवर इंटरव्ह्यू घेतला. मी शेजारी बसलो आणि जरा सावरून घेतलं. त्याला काम मिळालं, तो तिकडे गेला, बायकोलाही बोलावून घेतोय. जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. मी म्हटलं, यार, मी काही केलं नाही.

तुझ्या यादीतला कुठला शब्द मला लागू पडतो ते तूच ठरव.

तुझा,
केदार


क्युपर्टिनो,
१६ सप्टेंबर २००२

चि. केदार,

शनिवारी बोलले. एका शाळेचा हॉल, तीनशे माणसं, आरती आणि जेवण यांच्यामधली पाऊण तासाची जागा. वक्त्यासाठी याहून वाईट वेळ नाही, कारण मसालेभाताचा वास व्यासपीठापर्यंत येत असतो. तरी कुणी उठलं नाही.

सुरुवातीला मी त्यांना झोडपलं. म्हटलं, तुम्ही सगळे हुशार आहात हे मला विमानतळापासून ऐकवलं जातंय. ज्या हुशारीने फक्त तुमचाच दरवाजा उघडला, तिला किल्ली म्हणा आणि खिशात ठेवा, तिची आरती करू नका. मग तुझी गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली, कारण चांगल्या माणसांची नावं घेतली पाहिजेत. म्हटलं, माझा भाचा केदार, शॉमबर्गला स्वतः महिनोन्‌महिने बिनकामाचा बसलेला. त्याचा मित्र प्रथमेश बुजरा. केदार त्याच्या शेजारी बसतो, त्याचा आवाज होतो, आणि आज तो मित्र इथे सांता क्लारात कामाला आहे. अशा हुशारीपुढे मी वाकेन.

आणि केदार, अख्खा हॉल हसला. आधी मागच्या रांगेतली तरुण मुलं, मग सगळेच. कुणी टवाळीने हसत नव्हतं. ओळखीची गोष्ट ऐकली की माणसं हसतात, तसं ते हसू होतं. मी थांबून त्यांना मनसोक्त हसू दिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी अजून जिवंत आहे.

नंतर उल्का नावाच्या बाई भेटायला आल्या. चाळिशीच्या, शांत, सांता क्लाराच्याच एका कंपनीत टीमच्या प्रमुख. त्यांनी तुझ्याबद्दल फार आस्थेने विचारलं. प्रथमेशचं आडनाव काय, इंटरव्ह्यू कधी झाला, तू नेमकी कशी मदत केलीस. मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी तुझं पूर्ण नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. मला वाटतं, तुझं काहीतरी होणार.

मला लगेच कळव.

तुझी,
सुलभामावशी


शॉमबर्ग,
२४ सप्टेंबर २००२

प्रिय मावशी,

झालं. शुक्रवारी दुपारी प्रथमेशला काढलं. त्याच्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरून हातात दिल्या आणि एक शिपाई त्याच्याबरोबर पार्किंगपर्यंत गेला. त्याची बायको आश्लेषा येऊन अठरा दिवस झाले होते. उल्का ही त्याची बॉस.

हॉल का हसला ते सांगतो, कारण मी तुला जुलैत खोटं लिहिलं होतं.

मी प्रथमेशच्या शेजारी बसलो नव्हतो. तो माझ्या शेजारी बसला होता, गप्प, तोंडावर हात ठेवून. फोन स्पीकरवर होता आणि ‘मी प्रथमेश बोलतोय’ असं मी म्हणालो होतो. पन्नास मिनिटं मी प्रथमेश होतो. सांगलीत शिकलेला, सात वर्षांचा अनुभव असलेला. त्याचा खरा अनुभव दोन वर्षांचा. वरची पाच वर्षं शैलेंद्रने कागदावर टाइप केली. माणूस समोर कधी बघायचा नसतो, सगळं फोनवर होतं, आणि आपले आवाज त्यांना सारखेच वाटतात. या धंद्यात हे सर्रास चालतं. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी हे पाहिलेलं असेल, काहींनी केलेलं असेल. म्हणून हसले. त्यांना वाटलं, ही मावशी फारच धीट आहे, स्टेजवरून उघड सांगतेय.

पण त्या फोनवर पलीकडची व्यक्ती, उल्का, मराठीच होती. फोनवर एवढं नेमकं बोललेला मुलगा समोर आल्यावर अडखळतो का, याचं कोडं तिला तीन महिने पडलं होतं. तू ते सोडवून दिलंस.

तुझ्यावर राग नाही. उदाहरण मीच पुरवलं. थोडा साबण लावून पुरवलं, एवढंच.

आता राहिलेलं लिहितो. प्रथमेश एकटा नाही. डिसेंबरपासून मी एकतीस इंटरव्ह्यू दिलेत, एकतीस नावांनी. एका वहीत तारीख, नाव, कंपनी आणि विचारलेले प्रश्न लिहून ठेवलेत. अभ्यासाची सवय जात नाही. एकतीसपैकी, प्रथमेश सोडून, चोवीस जण आज कामाला आहेत. शैलेंद्र मला वस्ताद म्हणतो. येताना माझ्यासाठी वेगळे समोसे आणतो. बाकीची पोरं माझे शर्ट इस्त्री करून देतात. मला बरं वाटायचं, मावशी. दिवसातली पन्नास मिनिटं का होईना, मला सगळं येत असायचं.

जुलैमध्ये इथल्याच एका विमा कंपनीने मला बोलावलं होतं. मला, केदारला. शैलेंद्रने त्यांना कळवलं की केदार मोकळा नाही. मला हे ऑगस्टमध्ये त्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या फॅक्समुळे कळलं. मी विचारलं तर त्याने खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, “अरे, तू गेलास तर बाकीच्या पोरांचं काय?”

कळलं ना? मी जितकं चांगलं बोलतो, तितका घट्ट इथे बसवला जातो. मी वाईट बोललो असतो तर कधीच सुटलो असतो.

केदार


क्युपर्टिनो,
१ ऑक्टोबर २००२

केदार,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुला थोबाडीत मारावीशी वाटली. दुसऱ्यांदा शैलेंद्रला. तिसऱ्यांदा मी आरशासमोर गेले.

आधी तुझं. मदत आणि फसवणूक यांतला फरक तुला कळत नव्हता हे मी मानणार नाही. कळत होता, म्हणून तर तू मला लिहिताना खुर्च्यांची अदलाबदल केलीस. ज्याला स्वतःच्या कामाची लाज वाटत नाही तो गोष्ट बदलून सांगत नाही. मुकादमाने तुझी बुद्धी तासाने भाड्याने दिली, आणि ‘वस्ताद’ या एका शब्दावर तू खूश राहिलास.

आता माझं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ऐकायला शिका. आणि तीनशे माणसं माझ्या तोंडावर हसून सत्य सांगत होती, तेव्हा मी ते टाळ्यांसारखं मोजून घेतलं. मला उदाहरण हवं होतं. पत्रात एवढी फट होती, ‘जरा सावरून घेतलं’ म्हणजे काय हे शाळकरी पोरानेही विचारलं असतं, आणि मी विचारलं नाही, कारण गोष्ट माझ्या विषयात बसत होती. वक्त्याला मोह होतो तो हाच. या माझ्या मोहापायी एक संसार खोक्यात भरला गेला.

रविवारी सत्यजितला गाडी काढायला लावली. प्रथमेश आणि आश्लेषा एका मित्राच्या हॉलमध्ये राहतायत. आश्लेषाने दार उघडलं, मी कोण ते ऐकून घेतलं आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मी भांडून आत गेले असते.

मग उल्काकडे गेले. म्हटलं, शिक्षा द्यायची तर मुकादमाला द्या. तिने चहा केला, आवाज चढवला नाही. म्हणाली की प्रथमेशची सही खोट्या कागदावर होती, कंपनीच्या वकिलांपुढे तिचं काही चाललं नसतं. प्रथमेश मेहनती होता, हेही म्हणाली. पण जूनच्या त्या फोनवरची उत्तरं ती विसरलेली नाही. मी हात जोडले, केदार. आयुष्यात कुणापुढे जोडले नव्हते. शेवटी ती म्हणाली, केदारला स्वतःच्या नावाने बोलू दे.

शुक्रवारी ११ तारखेला, तुमच्या सकाळी दहा वाजता ती फोन करेल. काम मिळालं तर तिची कंपनी तुझा व्हिसा स्वतःकडे घेईल, शैलेंद्रचा फॅक्स मग त्याला लखलाभ. शर्ट घाल किंवा घालू नकोस, पण नाव स्वतःचं सांग.

मावशी


शॉमबर्ग,
१२ ऑक्टोबर २००२

प्रिय मावशी,

फोन आला. सगळ्यांना बाहेर पाठवून मी एकटा बसलो होतो.

तिने स्वतःबद्दल सांगायला सांगितलं आणि मी थांबलो. तुला सांगतो, एकतीस जणांचं हे उत्तर मला पाठ आहे. कुणाचं कॉलेज कुठलं, कुणी कोणत्या बँकेत काय केलं, कुणाला क्रिकेट आवडतं. माझं मला पाठ नव्हतं. मग वर्ध्यापासून सुरुवात केली. सगळं खरं सांगितलं. अनुभव दोन वर्षांचा सांगितला. पुढचे प्रश्न तिने अवघड विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी शेवटी तर मजा येत होती, तिलाही येत असावी.

मग ती मराठीत बोलली. “केदार, जूनमध्ये याच आवाजाने मला सात वर्षं सांगितली होती. आज दोन सांगतोय. उत्तरं तेव्हाही बरोबर होती, आजही आहेत. पण जो एकतीस वेळा दुसराच कुणीतरी होता, तो बत्तिसाव्या वेळी तोच आहे, हे मी कशावरून धरू?”

मला उत्तर आलं नाही. या धंद्यात आल्यापासून पहिल्यांदा.

तिने चांगल्या शब्दांत नकार दिला. तिच्या जागी मी असतो तर मीही दिला असता. तिचा राग करू नकोस.

तिला एकतीस हा आकडा तूच सांगितला असशील. बरोबर केलंस, लपवलं असतंस तर पुन्हा तेच झालं असतं.

शैलेंद्रला सगळं कळलंय. सांता क्लाराची कंपनी त्याच्याकडून यापुढे माणसं घेणार नाही. तो ओरडला नाही. समोर बसला आणि म्हणाला, हे नुकसान तुझ्या घरच्यांच्या तोंडामुळे झालं, ते तू भरून काढायचं. गुरुवारी २४ तारखेला नंदूचा इंटरव्ह्यू आहे. नंदू म्हणजे बेंचवरचा आमचा सगळ्यात जुना माणूस, लातूरचा, तेरा महिने घरी बसलाय. मी त्याच्या नावाने बोललो तर ठीक, नाही बोललो तर शुक्रवारी फॅक्स.

मावशी, परत जायची मला लाज नाही, भीती आहे. दहा महिन्यांत मी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही. मला फक्त उत्तरं येतात. परत जाऊन काय सांगू, काय करत होतो? आणि इथे राहायचं तर बत्तिसावं नाव घ्यायचं.

नंदूने आज माझा शर्ट इस्त्री करून दाराला टांगून ठेवलाय.

केदार


क्युपर्टिनो,
१८ ऑक्टोबर २००२

केदार,

तुझ्याकडे वही आहे. तारखा, नावं, कंपन्या. ती इथल्या मजूर खात्याकडे पाठव. सत्यजितने चौकशी केली, घरी बसवून पगार न देणं हा इथे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार नेमका तुमच्यासारखाच माणूस करू शकतो. शैलेंद्र एका पोराच्या भीतीवर नाही, सगळ्यांच्या गप्प बसण्यावर जगतोय. ती वही उघडलीस तर तो संपेल.

त्यात चोवीस जणांच्या नोकऱ्या आहेत हे मला कळतं. रात्रभर तेच मोजत होते. पण चोवीस जण खोट्यावर उभे आहेत म्हणून पंचविसाव्याने, सव्विसाव्यानेही उभं राहायचं का? अन्याय मोडताना कुणालाच लागणार नाही अशी सोय मला अजून कुठल्या इतिहासात सापडलेली नाही.

माझं बोलणं कठोर आहे. आश्लेषाने लावलेलं दार मी विसरलेले नाही. विसरले नाही म्हणूनच सांगते. वही दे.

मावशी


शॉमबर्ग,
३१ ऑक्टोबर २००२

प्रिय मावशी,

परवा, शनिवारचं विमान आहे. मुंबईला उतरून वर्ध्याला ऐन दिवाळीत पोहोचेन. बाबांना वाटतंय मी मुद्दाम सुट्टी काढून येतोय. स्टेशनवरच खरं सांगायचं ठरवलंय, घरात शिरायच्या आधी.

तुझं ऐकलं नाही. वही दिली नाही. तू म्हणतेस ते चुकीचं आहे असं नाही. पण त्या चोवीस जणांना खोट्यावर उभं करणारा आवाज माझा होता. मीच त्यांना उभं करायचं आणि मीच खालची फळी ओढायची, तेही स्वतः मोकळा होऊन विमानात बसल्यावर, हे मला जमणार नाही. तक्रार केली आहे, फक्त माझ्या नावाची. माझे महिने, माझा न मिळालेला पगार, आणि मी काय करत होतो तेही. दुसऱ्या कुणाचं नाव त्यात नाही. पुढे काय होईल ते माहीत नाही. कदाचित मला पुन्हा इथे येऊ देणार नाहीत.

गुरुवारी काय झालं ते लिहितो. फोन वाजला. शैलेंद्र दाराशी उभा होता. नंदू माझ्या शेजारी, तोंडावर हात ठेवून. मी स्पीकर चालू केला आणि म्हणालो, माझं नाव केदार, तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचंय ते नंदू इथे बसलेत, तेच बोलतील. आणि खुर्चीतून उठलो.

मला वाटलं होतं की मी काहीतरी मोठं करतोय. तुझा भाचा ना. पण मी नंदूला आधी विचारलंच नव्हतं. त्याची तयारी नव्हती. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चालत्या गाडीतून ढकललंय. तरी बोलला बिचारा. पहिली दोन उत्तरं कशीबशी दिली. तिसरा प्रश्न असा होता, की रेल्वेची एकच सीट दोन जण एकाच क्षणी बुक करायला गेले तर तुमचा प्रोग्रॅम काय करेल? सोपा प्रश्न आहे. नंदूला घाम फुटला. अकरा मिनिटांत त्या लोकांनी आभार मानून फोन ठेवला. शैलेंद्रने शुक्रवारची वाट पाहिली नाही, फॅक्स त्याच दुपारी गेला.

त्यानंतर सहा दिवस नंदू माझ्याशी बोलला नाही. माझं ताट वेगळं ठेवायचा. एकदाच बोलला, तेही दुसऱ्याला उद्देशून. “याला हीरो व्हायचं होतं, माझ्या इंटरव्ह्यूत झाला.” खरंच होतं ते. मावशी, तू स्टेजवरून केलंस तेच मी खोलीत केलं.

आज सकाळी बॅग भरत होतो. नंदू दारात आला. बनियनवर होता, दाढी वाढलेली. आत न येता त्याने विचारलं, “ते सीटचं उत्तर काय होतं?”

मी सांगितलं. पहिला जो पोहोचतो तो सीटला कुलूप लावतो, दुसरा थांबतो, पहिल्याचं काम झालं की कुलूप निघतं. हे मी नेहमी एका दमात सांगतो, आणि ऐकणारा नेहमी खूश होतो.

नंदू जमिनीवर बसला आणि त्याने तेच मला परत सांगितलं, त्याच्या शब्दांत, हळूहळू, प्रत्येक पायरीवर थांबून. शेवटच्या पायरीवर तो अडला. मला वाटलं, विसरला. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं आणि विचारलं, “पण पहिला कुलूप लावून मधेच निघून गेला तर? मग बाहेरच्याने किती वेळ थांबायचं?”

मावशी, हा प्रश्न मला एकतीस वेळांत एकदाही पडला नव्हता, आणि समोरच्या एकानेही विचारला नव्हता.

मी बॅग बाजूला सरकवली आणि त्याच्यासमोर बसलो. दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. बहुतेक वेळ तो बोलत होता.

तुझा,
केदार